रायरांच्या वह्या आणि माझे काळे मणी

आमच्या संदुत कुणाची चप्पल हरवली की ती आधी रायरांच्या खोलीत शोधायची, अशी पद्धतच पडली होती. गल्लीला इथे संदु म्हणतात. तंजावरात मेलवीदीच्या मागे आमची संदु, आणि तिच्या तोंडाशी रायरांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत ते राहत. मागच्या भागात आम्ही भाड्याने राहत होतो, मी, हे आणि सासूबाई. चप्पल चोरावी असं रायरांच्या मनातही नसे. नवी चप्पल असली तर ते तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. अंगठ्यापाशी झिजलेली, टाच एका बाजूने खाल्लेली, शिवलेला पट्टा पुन्हा तुटलेली अशी दिसली की उचलून आत नेत आणि वहीत तिचं चित्र काढत. काढून झालं की परत आणून ठेवत, तेही जिथून उचलली तिथेच आणि तशीच, उजवी जरा पुढे, डावी तिरकी. तोवर चपलेचा मालक अनवाणी उभा राहून ओरडत असे.

"रायर, मला सिनेमाला जायचंय हो!"

"जा की. पाय आहेत ना?" असं आतून उत्तर येई.

तंजावरच्या मराठी माणसाला तमिळ शेजारी रायर म्हणतात. तसे आमचे हेही रायरच, पण संदुत नुसतं रायर म्हटलं की ते एकटेच. मी त्यांना मामा म्हणत असे. केबलच्या तारा ह्या गच्चीवरून त्या गच्चीवर जाऊ लागल्या, कोपऱ्यावर एसटीडीचा पिवळा बोर्ड आला, त्या दिवसांतली ही आठवण. मामा तेव्हा साठीचे असतील. लग्न केलं नव्हतं. सासूबाई म्हणत, "मुलगी बघायला गेला आणि मुलगी सोडून तिच्या बापाच्या कानातल्या खड्यांचं चित्र काढत बसला. कोण देईल ह्याला मुलगी?" हे खरं की सासूबाईंनी रचलेलं, मला माहीत नाही. मामांना विचारलं असतं तर त्यांनी मलाच उलट विचारलं असतं, "बघितलंस की ऐकलंस?"

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. कुणी म्हणावं, पापनाशमला पाऊस झाला. "बघितलंस की ऐकलंस?" कुणी म्हणावं, अमक्याच्या मुलाला बंगळूरला कंप्युटरची नोकरी लागली. "बघितलंस की ऐकलंस?" ऐकलेल्या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हे सवयीचं झालं होतं, आणि धंद्याचंही. मद्रासच्या एका तमिळ साप्ताहिकात येणाऱ्या गोष्टींना ते चित्रं काढत. गोष्टीत गाय आली की मामा दूधवाल्याच्या मागे मागे चालले म्हणून समजावं. मी एकदा म्हटलं, "मामा, गाय तर रोजच बघता. मनाने काढता नाही येत?"

"येते की. मनाने काढलेल्या सगळ्या गायी सारख्या दिसतात गे. समोर उभी असते ती एकटीच तशी असते."

त्यांच्या वह्या विकतच्या नसत. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, औषधाच्या दुकानातले पाठकोरे कागद, कॅलेंडरची गेलेली पानं, जे मिळेल ते सारखं कापून दाभणाने शिवत. वर जुन्या पंचांगाचा पुठ्ठा लावत. भिंतीतल्या कपाटात अशा वह्या खच्चून भरल्या होत्या. वहीवर ते वर्ष किंवा महिना घालत नसत. नाव घालत, आमच्या मराठी अक्षरात. "पाय." "पाठी." "वाट बघणारे." "झोपलेले." "उष्टी पानं." ही शेवटची वही मला फार आवडे. लग्नाला गेले की मामा जेवण लवकर आटपत, आणि पंगत उठली की पानं उचलणाऱ्याला हात करून थांबवत. मग एकेका केळीच्या पानापुढे उभे राहून वहीत काढत. हा पायसमची वाट न बघता उठला. हिने सांबारातली शेवग्याची एकही शेंग सोडली नाही. ह्याने मीठ बोटाने पसरवत नाव लिहिलंय, कुणाचं ते नका विचारू. प्रत्येक पानाखाली जागा लिहीत, सकाळ की दुपार ते लिहीत, आणि शेवटी एकच शब्द, "पाहिलं." तो शब्द नसला तर ते चित्र कामाचं नाही.

पंचांगाच्या पुठ्ठ्यामुळे एक गंमत होत असे. बसस्टँडवर बाकावर बसून मामा वहीत लोक काढत, आणि लोकांना वाटे की कुणी शास्त्री पंचांग बघतोय. एकदा मांडीवर मोठा फणस धरून एक म्हातारा त्यांच्यासमोर बसला होता. त्याला तिरुवैयारूला जायचं होतं. त्याने विचारलं, "सामी, राहुकाळ संपला का?"

मामांचं फणसाचं चित्र अर्धं झालं होतं. वर न बघता ते म्हणाले, "अजून थोडा आहे. हलू नका."

म्हातारा बिचारा हलला नाही. तिरुवैयारूच्या दोन बस त्याच्या डोळ्यांदेखत गेल्या. ही गोष्ट मामांनी स्वतःच आम्हाला सांगितली, आणि सांगताना त्यांना जराही वाईट वाटलं नाही. "फणस काय सुंदर आला म्हणून सांगू!" असं वर म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसायची त्यांना वाईट खोड होती. रसमला फोडणी देताना कढीपत्ता तेलात कसा वळतो ते त्यांना बघायचं असे. पान वळतं एका क्षणात, तेवढ्यात त्यांची पेन्सिल कागदावर टेकतसुद्धा नसे. मग म्हणत, "सूनबाई, अजून एकदा." मी बोलायला लाजणारी, नाही म्हणता येत नसे. एका दिवशी रसमला तीनदा फोडणी बसली. संध्याकाळी जेवताना हे म्हणाले, "आज रसम आहे की लोणचं?"

ह्यांच्यावरही मामांनी हात मारला होता. हे ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत कारकून. सकाळी बसने जात, संध्याकाळी येत. इतका गरीब माणूस की संदुतलं कुत्रं ह्यांच्यावर भुंकत नसे. एका गुरुवारी कचेरीतून आले ते चेहरा पाडून. साप्ताहिकातल्या गोष्टीत एक खलनायक होता, सावत्र भावाला विष देणारा. त्याचं नाक, त्याचे ओठ, त्याचा खांदा थोडा उतरलेला, सगळे आमचे हेच! कचेरीतल्या लोकांनी दिवसभर ह्यांच्या हातचा चहा प्यायला नकार दिला होता.

"मामा, मीच सापडलो का तुम्हाला?"

"वाईट माणूस वाईट दिसत नाही रे," मामा शांतपणे म्हणाले. "तो असाच दिसतो, जेवण झाल्यावर डबा नीट पुसणारा."

हे दोन दिवस रागावले. तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर कटिंग करून आले होते, आणि आरशासमोर खांदा सरळ करून उभे होते. सासूबाईंचं नाक एका चेटकिणीला लागलं तेव्हा त्यांनी मामांच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग ते पान कापून पेटीत साड्यांखाली ठेवलं. अजून आहे.

आता माझी पाळी कशी आली ते सांगते.

रोज सकाळी दाराशी कोलम, म्हणजे इथली ठिपक्यांची रांगोळी, घालायचं काम माझं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही तमिळमधून. मराठी अक्षर अप्पांनी घरी शिकवलं, पोथी वाचता यावी म्हणून. एवढीच माझी विद्या. पण कोलम माझं चांगलं होतं. ठिपके घालायचे आणि एकाच रेषेने सगळ्यांना वळसा घालत परत सुरुवातीला यायचं, मध्ये हात उचलायचा नाही. मामा बाहेर निघाले की कोलम ओलांडत नसत, भिंतीला अंग घासत कडेने जात. "हात वळतो तुझा," एवढं एकदा म्हणाले होते. मी आत पळाले होते.

त्या वर्षी साप्ताहिकात एक लांब गोष्ट चालू होती. पापनाशमजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, तिचं लग्न, नवऱ्याचं दुसरीकडे मन. गुरुवार आला की आमच्या संदुत सगळ्या बायका एका ठिकाणी जमत, पुष्पक्काच्या ओट्यावर. पुष्पक्का आमच्या समोरच्या घरातली, तमिळ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आवाज मोठा. ती वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. त्या गुरुवारी तिने साप्ताहिक उघडलं आणि वाचायचं सोडून चित्राकडेच बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा चित्राकडे.

"काय डी, हिच्या गळ्यात तुझे काळे मणी!" तमिळमधलं डी म्हणजे आपलं गे.

चित्रात ती मुलगी वाकून धान्य पाखडत होती, आणि गळ्यातून पुढे लोंबत होतं माझं मंगळसूत्र. माझं कसं ओळखलं? माझा दोरा एकदा तुटला होता, तेव्हा मी घरीच ओवलं. ओवताना पोवळं मधोमध यायला हवं ते एका बाजूला गेलं. परत उसवायचा कंटाळा केला. ते पोवळं चित्रातही एका बाजूलाच होतं.

सगळ्या हसल्या. मला धरणी दुभंगून आत जावंसं झालं. पुष्पक्का हसता हसता थांबली आणि म्हणाली, "पण हे चुकलंच. आमच्या शेतकऱ्याच्या मुलीच्या गळ्यात काळे मणी कुठून येणार? आमच्यात काळं घालतात का? ती तर तुम्हा रायर लोकांची रीत."

तमिळ घरांत बायकांच्या गळ्यात ताली असते, लग्नात बांधलेलं सोन्याचं पदक, हळदीने पिवळ्या केलेल्या दोऱ्यात. काळा मणी नसतो. हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. साठ वर्षं ह्या गावात राहून मामांना माहीत नव्हतं असं नाही. पण तमिळ बायका ताली आत ठेवतात, पदराच्या आणि चोळीच्या आत. बाहेर दिसतो तो फक्त मानेवरचा दोरा. मामांनी दोरा बघितला होता, त्याच्या टोकाला काय ते कधी बघितलं नव्हतं. आणि न बघितलेलं ते काढणार नाहीत. म्हणून गोष्टीत गळ्यातलं दाखवायची वेळ आली तेव्हा वही उघडली, आणि त्यात एकच होतं. मी कोलम घालायला वाकत होते आणि ते भिंतीला अंग घासत जात होते, तेव्हाचं.

मी दोन दिवस कोलम घातलं नाही. सासूबाईंनी घातलं, ते वाकडं आलं. ह्यांना मात्र फार आनंद झाला. "चला, आता आपण दोघंही छापून आलो," असं म्हणून हसत सुटले.

पुढच्या आठवड्यात पोस्टमनने मामांकडे जाड पाकीट आणून दिलं. साप्ताहिकाकडे आलेली वाचकांची पत्रं. मदुरैहून, सेलमहून, कुठून कुठून. सगळ्यांत एकच विचारलेलं, आमच्या मुलीला काळे मणी कुणी घातले? एका पत्रात तर लिहिलं होतं की ह्या चित्रकाराने बायको कधी बघितली नसावी. सोबत संपादकांचं पत्र होतं, अदबीचं पण कोरडं. मामांनी ते ओट्यावर बसून ह्यांना वाचून दाखवलं. मी दाराआड होते.

पत्रात लिहिलं होतं, पुढच्या भागात ती मुलगी ताली गळ्यातून काढून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवते. अख्खं पान त्या चित्राला दिलं आहे. चित्र सोमवारच्या कुरियरने पोचायला हवं. हेही चुकलं तर पुढच्या महिन्यापासून चित्रांऐवजी फोटो घालू, इथे मुलीही मिळतात आणि कॅमेराही आहे, वाईट वाटून घेऊ नये.

ते एकच साप्ताहिक उरलं होतं. बाकीच्यांनी आधीच फोटो सुरू केले होते. हे म्हणाले, "मामा, त्यात काय, सोनाराच्या दुकानात जाऊन ताली बघून या."

"दुकानातली नवी असते रे. नव्या चपलेसारखी. गळ्यात राहिलेली कशी दिसते?" मग जरा थांबून म्हणाले, "एवढ्या मोठ्या संदुत मी एकच गळा बघितला, तोही न विचारता. त्या पोरीला सांग, चुकलं माझं."

मी दाराआडून सगळं ऐकलं. मामांनी कुणाची माफी मागितलेली मी कधी ऐकली नव्हती. त्या फणसवाल्याचीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, हे कचेरीत गेल्यावर मामा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत बसले नाहीत, उभेच राहिले. हातात एक नवी वही, शिवलेली, वर नाव न घातलेली, आणि पेन्सिल.

"मी कुणाला दाखव म्हणून सांगू शकत नाही. मला कुणी दाखवणार नाही. तू बघून ये."

"बघून येते. येऊन सांगते."

"सांगू नकोस. सांगितलं की मी ऐकलेलं काढणार. तू काढून आण."

"मला येत नाही मामा. मला फक्त कोलम येतं."

"मग कोलम काढून आण," असं म्हणून वही उंबऱ्यावर ठेवून ते गेले.

पुष्पक्काच्या घरी मी एकटी कधी गेले नव्हते. बायका जमल्या की त्यांच्या मागे बसायची, एवढंच. त्या दुपारी वही पदराखाली घेऊन गेले. तिने ताक दिलं. मी प्यायले. दुसरं ताक दिलं. तेही प्यायले. तिसऱ्यांदा ती भांडं घेऊन आली तेव्हा म्हणाली, "तू आज तहानेने आलेली नाहीस. काय ते सांग."

मी सांगितलं. जमिनीकडे बघत सांगितलं, मध्ये कुठे थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही म्हणून एका दमात. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं आता घरातून बाहेर काढते.

"रायर बघणार?"

"नाही. मीच बघणार. मीच काढणार."

"आणि मद्रासला छापणार. सगळा देश बघणार."

"नाव नाही घालणार अक्का."

"नाव नको घालायला! तुझं नाव घातलं होतं का? पोवळ्यावरून ओळखलं ना मी?" असं म्हणून ती हसायला लागली. मग उठली, स्वयंपाकघराचं दार ओढलं, कडी लावली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. मान थोडी वाकवली आणि पिवळा दोरा ओढत ओढत सगळं बाहेर काढलं.

मी सोनाराच्या दुकानातल्या ताली बघितल्या होत्या, चमकणाऱ्या. ही तशी नव्हती. हळदीने सोनं काळपट पडलं होतं. दोरा मानेपाशी फिकट आणि खाली गडद होता. एका जागी तुटायला आला म्हणून गाठ मारली होती. आणि तालीच्या बाजूला, त्याच दोऱ्यात, तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या. पदराला लागते, चपलेचा पट्टा तुटला तर लागते, शाळेत जाताना मुलीच्या फ्रॉकचं बटण तुटलं तर लागते. मी माझ्या मंगळसूत्राला हात लावला. माझ्याही होत्या. पण मी त्या कधी बघितल्या नव्हत्या.

"लवकर काढ डी, सासू उठेल."

मी पेन्सिल टेकवली. पहिल्यांदा काहीच येईना. मग कोलम घालते तसं मनात ठिपके घातले, गाठ इथे, ताली इथे, पिना इथे, आणि दोरा त्यांच्यामधून हात न उचलता नेला. चित्र फार मोठं झालं. अख्खं पान भरलं. पुष्पक्काने मान वाकडी करून बघितलं.

"अय्यो, गाठसुद्धा काढलीस! नवा दोरा शुक्रवारी घालणार होते मी."

मामांनी वही उघडली आणि खिडकीपाशी नेली. रेषेवरून बोट फिरवत गेले.

"मध्ये हात उचलला नाहीस?"

"कोलम काढताना कुठे उचलतात?"

"आणि ह्या पिना?" त्यांनी बोट ठेवलं. "मुलगी ताली काढून नवऱ्यापुढे ठेवते आहे. लोकांनी वाचून रडायचं आहे. त्यात सेफ्टी पिना?"

मी घाबरले. म्हटलं, "नको असल्या तर पुसा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बघितलंस की ऐकलंस?"

"बघितलं."

"मग राहतील."

हे कचेरीतून आल्यावर त्यांनी खूप समजावलं. संपादक चिडेल, मामा. शेवटची संधी आहे, पिना तेवढ्या काढून टाका, कुणाला कळणार आहे? मामा ऐकेनात. माझं पान काचेवर ठेवलं, वर मोठा कागद ठेवला आणि उजेडात माझी रेष जशीच्या तशी शाईने उतरवली. भोवती मुलीचा हात काढला, नवऱ्याचे पाय काढले. पाय मी ओळखले, ते दूधवाल्याचे होते. पण मधली ती वस्तू माझी होती. गाठीसकट. सोमवारी पाकीट गेलं.

गुरुवारी मी पुष्पक्काच्या ओट्यावर गेले नाही. खिडकीतून बघत होते. तिने साप्ताहिक उघडलं. वाचलं नाही. बाकीच्या वाकून बघू लागल्या. कुणी हसलं नाही. मग कोपऱ्यावरच्या भाजीवालीने आपल्या चोळीत हात घालून आपला दोरा बाहेर काढला, बघितला आणि परत आत टाकला. मग दुसरीने. मग सगळ्याच आपापल्या पिना मोजू लागल्या.

"माझीच आहे ही," भाजीवाली म्हणाली. "कुठून बघितली ह्या रायरने?"

"तुझी कशाला? सगळ्यांची अशीच असते," पुष्पक्का मोठ्याने म्हणाली, आणि आमच्या खिडकीकडे न बघता हसली.

मद्रासहून पुन्हा जाड पाकीट आलं. ह्या वेळी पत्रं बायकांची होती. काहींचं अक्षर माझ्यासारखं, चौथीतलं. कुणी लिहिलं होतं, ताली बघून नाही रडले, पिना बघून रडले. संपादकांनी फोटोबद्दल पुन्हा काही लिहिलं नाही. निदान आणखी तीन वर्षं तरी. मग फोटो आलेच. पण तोवर मामांची नजर मंद झाली होती आणि भाच्याने त्यांना बंगळूरला यायला सांगितलं होतं.

जायच्या आधी त्यांनी वह्या वाटल्या. त्यातही त्यांचं डोकं बघा. "पाय" बसस्टँडवरच्या चांभाराला. "उष्टी पानं" लग्नात स्वयंपाक करणाऱ्याला, तो घेईना, मग बळेच दिली. "वाट बघणारे" बसस्टँडच्या चहावाल्याला. त्याने ती गल्ल्याजवळ टांगली, आणि बस चुकलेले लोक ती चाळत बसत, त्यात स्वतःला शोधत. फणसवाला त्यात सापडला का, कळलं नाही. मला त्यांनी नाव न घातलेली वही दिली. पहिलं पान माझं, बाकी कोरी.

पानाखाली काही लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, इथे 'पाहिलं' नाही लिहिलंत."

"मी कुठे पाहिलं? ज्याने पाहिलं त्याने लिहावं," असं म्हणून ते आपली तीच झिजलेली चप्पल घालून रिक्षात बसले. उजवी जरा पुढे, डावी तिरकी.

पुढे ते बंगळूरलाच वारले, असं ऐकलं. बघितलं नाही.

ही वही तीच. लग्नपत्रिकांच्या मागच्या बाजूंवर मी हे सगळं लिहिलं आहे. माझी मुलं मराठी ऐकून समजतात, पण त्यांना हे अक्षर वाचता येत नाही. पुष्पक्काला तर येतच नाही. म्हणून निर्धास्त लिहिलं. आज शेवटी आले तेव्हा पुन्हा पहिलं पान उघडलं, इतक्या वर्षांनी नीट चष्मा लावून. ताली आहे. गाठ आहे. पिना दोनच आहेत. वर मी तीन लिहिल्या आहेत. इतकी वर्षं स्वतःला तीन म्हणूनच सांगत आले, आणि सांगितलेलंच खरं धरून बसले. वरचं खोडत नाही, तसंच राहू दे.

पानाखाली जागा होती. तिथे लिहिलं: पुष्पक्काचं स्वयंपाकघर, दुपार. पिना दोन. पाहिलं.